टर्बो बदलण्याआधी आकडे मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाड्यांची ओळख करून देणारे लेख मराठी वृत्तपत्रांत नियमित येतात. पण हौसेने रिमॅप केलेली, म्हणजे जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकातली फाइल बदललेली, टर्बो-पेट्रोल गाडी वर्षभरात अडखळायला लागली की मालकाने काय करायचे, हे त्याला फारसे कोणी सांगत नाही. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आणि अलीकडच्या १.० टीएसआय इंजिनाच्या गाड्या रिमॅप करणाऱ्यांच्या आवडत्या आहेत. त्यातली पोलो चाकणला आणि ऑक्टाव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला बांधली गेली, त्यामुळे आपल्याकडे त्या भरपूर दिसतात. तक्रारही बहुतेकांची सारखीच असते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की २,५०० ते ४,००० आरपीएमच्या दरम्यान गाडी मिसिंग करते, झटके मारते किंवा नुसतीच दबते. निवांत चालवली तर काही जाणवत नाही. गॅरेजमधून उत्तर येते, ‘टर्बो गेला.’ (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.) मोठा खर्च करून टर्बो बदलला जातो आणि पुष्कळदा गाडी तशीच अडखळत राहते, कारण दोष झिजलेल्या प्लगमध्ये किंवा सैल झालेल्या क्लिपमध्ये असतो.

या निदानाला एक क्रम आहे. तो पाळला तर बहुतेक गाड्या स्वस्तात सुटतात, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिला प्रश्न कोणता पार्ट गेला, हा नसतोच. इंजिनाकडून ताकद मागितली जाते आहे आणि ती मिळत नाही, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच ताकद रोखून धरतो आहे, हे आधी ठरवावे लागते. आजचा ईसीयू ॲक्सिलरेटरच्या दाबावरून किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागेल हे काढतो, त्यातून किती हवा, किती बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), किती इंधन आणि ठिणगी कधी (टायमिंग) हे ठरवतो. उष्णता वाढली, नॉक (इंधन अवेळी पेटल्याची ठोक) ऐकू आला, टॉर्कची मर्यादा ओलांडली गेली, तर तोच ईसीयू थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) मिटवतो किंवा टायमिंग मागे घेतो. चालकाला दोन्ही वेळा गाडी दबल्यासारखीच वाटते. पण एका ठिकाणी पार्ट शोधायचा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी फाइल दुरुस्त करायची असते.

चालवताना जे जाणवते त्यावरून दिशा मिळते, ते मेकॅनिकला नेमक्या शब्दांत सांगावे. तुटक, टोकदार झटके येतात आणि सायलेन्सरमधून फट-फट आवाज येतो, तेव्हा सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, म्हणजे मिसफायर आहे. झटका नाही, पण मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी सपाट होते, तेव्हा बूस्ट कमी आहे, थ्रॉटल मिटतो आहे किंवा टायमिंग मागे गेले आहे. दाबल्यावर क्षणभर काहीच नाही आणि मग एकदम ओढ, हे बहुधा हवा गळण्याचे किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्हचे (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब मागे वळवणाऱ्या झडपेचे) लक्षण. आरपीएमचा काटा चढतो पण वेग त्या मानाने वाढत नाही, तर इंजिन ठणठणीत आहे आणि क्लच घसरतो आहे.

मग स्कॅनर लावावा. कोड वाचून लगेच पुसून टाकू नयेत. कोडबरोबर साठलेली त्या क्षणाची माहितीही उतरवून घ्यावी. पी०३०० ते पी०३०४ हे मिसफायरचे, पी०२९९ बूस्ट कमी पडल्याचा, पी०२३४ जास्त झाल्याचा, पी००८७ रेलमधला (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) इंधनदाब घसरल्याचा. पण पी०२९९ म्हणजे टर्बो खराब असे नव्हे. मागितलेला दाब मिळाला नाही, एवढेच तो सांगतो. का मिळाला नाही, ते नोंदीतून शोधायचे.

नोंद घेताना इंजिन पूर्ण तापलेले असावे, टाकी निम्म्याहून अधिक भरलेली असावी आणि एसी बंद. तिसरा गिअर, २,००० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर, ६,००० पर्यंत. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये. हे काम डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाके रोलरवर फिरवणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर करावे. तिसऱ्या गिअरमध्ये ६,००० आरपीएम म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या पुढे. द्रुतगती मार्गावर लॅपटॉप मांडीवर घेऊन हा प्रयोग करणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. नोंदवायच्या गोष्टी अशा: आरपीएम, ॲक्सिलरेटरची टक्केवारी, थ्रॉटल प्लेट किती उघडी, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची ड्यूटी (टर्बोला फिरवणारा धूर बाजूला वळवून बूस्ट आवरणाऱ्या झडपेला ईसीयू देत असलेला आदेश, टक्क्यांत), मागितलेला आणि मिळालेला लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ च्या खाली मिश्रण जाड म्हणजे इंधन जास्त, वर पातळ), रेलमधला दाब, प्रत्येक सिलिंडरचे मागे घेतलेले टायमिंग आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान. स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर इतक्या गोष्टी एका वेळी नीट वाचू शकत नाही, सेकंदाला जेमतेम एखादी नोंद देतो, आणि अडखळणे तर अर्ध्या सेकंदाचे असते. तेव्हा तीन-तीन, चार-चार गोष्टी घेऊन तीनदा धाव घ्यावी. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएससारखे साधन असेल तर काम पुष्कळ सोपे होते.

या नोंदीतला सर्वांत बोलका आकडा वेस्टगेटच्या ड्यूटीचा आहे, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही. बूस्ट कमी आहे आणि ड्यूटी ९० टक्क्यांच्या वर अडकली आहे, म्हणजे ईसीयू वेस्टगेट मिटवून बूस्ट वाढवायचा आटोकाट प्रयत्न करतो आहे, तरी हवा मिळत नाही. इथे गळती, न मिटणारा वेस्टगेट, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) किंवा खरोखर थकलेला टर्बो शोधावा. उलट बूस्ट कमी आणि ड्यूटीही कमी असेल, तर ईसीयूने जास्त मागितलेच नाही. तिथे टर्बो खोलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. (काही इंजिनांत ड्यूटीचा अर्थ उलटा असतो आणि विजेच्या ॲक्चुएटरवर चालणाऱ्या वेस्टगेटला ड्यूटीऐवजी स्थितीचा आकडा असतो. त्या इंजिनाची रीत आधी पाहून घ्यावी.)

थ्रॉटल प्लेटचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. ॲक्सिलरेटर १०० टक्के आणि प्लेट मात्र ५०-६० टक्क्यांवर मिटते, त्याच क्षणी गाडी दबते, हे रिमॅप केलेल्या गाडीतले नेहमीचे दृश्य आहे. फाइल लिहिणाऱ्याने बूस्ट वाढवला, पण टॉर्कच्या मर्यादांचे तक्ते त्या प्रमाणात वाढवले नाहीत, तर ईसीयूच्या हिशेबात टॉर्क मर्यादेबाहेर जातो आणि तो थ्रॉटल मिटवून त्याला आवरतो. बूस्ट मागणीपेक्षा वर उसळला तरी हेच होते. मग कारण फाइलमध्ये असेल किंवा अडखळणाऱ्या वेस्टगेटमध्ये. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यांच्या रेघा शेजारी ठेवल्या की हा फरक कळतो.

आता मिसफायर. यात सगळ्यात आधी ठिणगी तपासावी, इंधन नंतर. याला एक ठोस कारण आहे. ठिणगी पडली नाही की न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि लॅम्डा सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. मग मेकॅनिक इंजेक्टर आणि पंपाच्या मागे लागतो. प्रत्यक्षात इंधन बरोबर असते, ते पेटत नसते.

बूस्ट वाढला की सिलिंडरमधल्या हवेची घनता वाढते आणि तेच अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. कॉइल तेवढे देऊ शकली नाही तर ठिणगी विझते. हळू चालवताना काही होत नाही आणि बूस्टवर गाडी मिसिंग करते, ते म्हणूनच. बहुतेक टर्बो-पेट्रोल इंजिनांत प्लगचे मूळ अंतर ०.७ ते ०.८ मिमी असते. वापराने इलेक्ट्रोड झिजतो आणि ते ०.९ च्या पुढे जाते. रिमॅप केलेल्या गाडीत ०.६ ते ०.६५ मिमी ठेवावे. ०.५ च्या खाली गेले तर ठिणगी दुबळी होऊन आयडलवरच इंजिन थरथरते. इरिडियम प्लगचे अंतर बसवताना मधल्या बारीक टोकाला टेकू देऊन दाबू नये, ते मोडते; फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवावा आणि तारेच्या फिलर गेजने मोजावे. प्लग एक पायरी थंड घ्यावा. मात्र एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड आणि बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. दुकानात हा घोळ नेहमी होतो. रिमॅप केलेल्या गाडीत कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर प्लग बदलणे शहाणपणाचे.

प्लग बसवताना टॉर्क पाना वापरावा. वॉशर असलेल्या नव्या प्लगला १४ मिमीच्या आट्यांसाठी २५ ते ३० न्यूटन-मीटर आणि १२ मिमीच्या आट्यांसाठी १५ ते २० पुरे होतात. त्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळे असेल तर ते धरावे. सैल राहिलेला प्लग उष्णता हेडला देऊ शकत नाही, तापतो आणि नॉकला आमंत्रण देतो. आट्यांना ग्रीस लावू नये, त्याने पाना दाखवतो त्यापेक्षा प्लग जास्त आवळला जातो. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आतून न पडता बाहेरून हेडकडे पळत होती. अशा वेळी प्लगबरोबर कॉइलचे रबरी बूटही बदलावे; नाहीतर त्याच रेघेने नवा प्लग महिन्यात खराब होतो.

कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत. पी०३०२ आला असेल तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावा आणि पुन्हा धाव घ्यावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. तो दुसऱ्यावरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच गोष्ट हलवावी. चारही कॉइल एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कायमचे गुलदस्त्यात राहते. बॅटरी-आल्टरनेटरचे व्होल्टेजही पाहावे: लोडवर १३.५ च्या खाली जात असेल तर कॉइल पूर्ण भरतच नाही.

ठिणगी निर्दोष निघाली आणि वेस्टगेटची ड्यूटी वर अडकलेली आहे, तर गळती शोधावी. डोळ्यांनी पाइप पाहणे पुरेसे नाही. इंटरकूलरचा (टर्बोत तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप क्लिपखाली फाटतो, तो थंड इंजिनावर मिटलेला दिसतो आणि एक बार दाबावरच उघडतो. यासाठी दाबाची चाचणी करावी. एअर फिल्टरचा पाइप टर्बोच्या तोंडापासून काढून तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेले पीव्हीसीचे झाकण क्लिपने घट्ट लावावे. इंजिन आणि इग्निशन बंद. रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने ५ पीएसआयपासून सुरुवात करून हळूहळू १० ते १५ पर्यंत जावे, पुढे नाही. झाकण निसटले तर जोरात उडते, त्याच्यासमोर तोंड नेऊ नये. क्रँककेसमधून येणारी ब्रीदरची नळी त्याच बाजूला जोडलेली असेल तर ती आधी बंद करावी, नाहीतर हवा इंजिनाच्या तळात शिरून ऑइल सील दुखावतात. डिपस्टिकपाशी फुसफुस ऐकू आली तर हेच चालले आहे असे समजावे. हवा सायलेन्सरमधून येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे आहेत. क्रँक हाताने थोडा फिरवावा.

मग साबणाचे पाणी. इंटरकूलरची दोन्ही टोके, ओ-रिंगचे सांधे, डायव्हर्टर व्हॉल्व्हचे गॅस्केट, बूस्ट सेन्सरची सील, वेस्टगेट सोलेनॉइडच्या बारीक नळ्या. जिथे पाइपच्या बाहेर तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथून सुरुवात केली तर वेळ वाचतो. ती टर्बोतून आलेली तेलाची वाफ असते आणि हवा कुठून निसटते ते दाखवते. कंपनीची स्प्रिंग क्लिप वाढीव बूस्टला पुरत नाही, तिच्या जागी टी-बोल्ट क्लिप लावावी. पाइप एकाच जागी वारंवार निसटत असेल तर इंजिनाचे माउंट पाहावे. बसलेल्या माउंटमुळे लोडवर इंजिन कलते आणि पाइप ओढला जातो.

एकच गळती दोन गाड्यांत दोन तऱ्हेने बोलते, हे लक्षात ठेवावे. हवा मोजणारा मॅफ सेन्सर असलेल्या गाडीत मोजलेली हवा वाटेत निसटली तरी इंधन पूर्ण हवेच्या हिशेबाने पडते: मिश्रण जाड होते, काळा धूर येतो, गाडी घुसमटते. मॅनिफोल्डमधल्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावर चालणाऱ्या गाडीत मिश्रण बरोबर राहते, पण टर्बोला जास्त फिरावे लागते, हवा तापते आणि वरच्या आरपीएमला ताकद पडते. याच कारणाने मॅफ असलेल्या गाडीला ‘फुस्स’ आवाजासाठी बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवू नये. गिअर बदलताना मोजलेली हवा बाहेर जाते आणि पुढच्या दाबाला गाडी गुदमरते. आवाजाच्या हौसेपायी हा दोष विकत घेतलेल्या गाड्या कमी नाहीत. मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह पडद्याचा असेल तर तो फाटतो. काढून प्रकाशासमोर धरला की चीर दिसते.

आता इंधन. पूर्ण लोडवर टर्बो-पेट्रोल इंजिनाचा लॅम्डा साधारण ०.८० ते ०.८८ असावा. बूस्टवर तो ०.९५ च्या वर जात असेल तर धाव तिथेच थांबवावी. पुढची पायरी वितळलेला पिस्टन असू शकते. ०.७२ च्या खालीही गाडी दबते, कारण मिश्रण इतके जाड होते की नीट पेटत नाही. लॅम्डा बिघडतो त्याच क्षणी रेलमधला दाब पाहावा. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत तो पूर्ण लोडवर १५० ते २०० बार किंवा अधिक मागितला जातो. क्षणभर थोडा घसरून सावरला तर चालते. २०-३० बार घसरून खालीच राहिला तर पुरवठा कमी आहे. टाकीतल्या पंपाच्या बाजूला साधा दाबमापक लावावा. दोन्ही दाब एकत्र पडले तर टाकीतला पंप किंवा फिल्टर दोषी. खालचा दाब टिकून फक्त रेलचा पडला तर हाय-प्रेशर पंप.

आज या विषयात ई२० पेट्रोलचा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा टाळता येत नाही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, ई१० ला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई१० च्या तुलनेत सुमारे चार टक्के जास्त इंधन द्यावे लागते. मूळ स्थितीतल्या गाडीला हे सहज जमते. पण ई१० च्या काळात पंप आणि इंजेक्टर काठोकाठ वापरणारी फाइल लिहिली असेल, तर ही चार टक्के कुठून येणार? तेव्हा २०२३ च्या आधी रिमॅप केलेल्या गाडीची नोंद पुन्हा घेऊन फाइल तपासून घ्यावी. इथेनॉल नॉकला चांगला आवर घालते आणि ई२० च्या भारतीय मानकात किमान ऑक्टेन (नॉक सहन करण्याची इंधनाची क्षमता) ९५ आहे, हा त्याचा फायदाही सांगितला पाहिजे. मात्र ९९-१०० ऑक्टेन धरून लिहिलेल्या फाइलला ९५ पुरत नाही. फाइल कोणत्या पेट्रोलसाठी आहे ते रिमॅप करणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि गाडीला तेच पाजावे. पावसाळ्यात टाकी भरल्यानंतर लगेच मिसिंग सुरू झाले तर पेट्रोलचा नमुना पारदर्शक बाटलीत अर्धा तास स्थिर ठेवावा. पाणी मिसळले असेल तर तळाशी वेगळा थर बसतो.

नॉकचे आकडे सिलिंडरनिहाय वाचावेत. सगळ्या सिलिंडरमध्ये टायमिंग दोन-तीन अंश मागे जाणे ठीक. सगळीकडे सहा अंशांच्या वर जात असेल तर इंधन हलके आहे किंवा हवा गरम आहे. एकाच सिलिंडरमध्ये जात असेल तर तिथला इंजेक्टर, प्लग किंवा कार्बन पाहावा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात बाहेरच ४२ अंश असतात, तिथे इंटरकूलरनंतरची हवा ६०-६५ च्या वर गेली की ईसीयू टायमिंग मागे घेणारच. पोलोच्या १.२ टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. त्याच्या पाण्याला वेगळा विजेचा पंप आहे. तो पंप बंद पडला की पहिली धाव छान, दुसरी मध्यम आणि तिसरीला गाडी दबलेली. टर्बो न खोलता हा पंप स्कॅनरवरून चालू करून हात लावून पाहता येतो.

घाटावर दबणारी गाडी हा आपल्याकडचा खास प्रकार. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. फाइल मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल मागत असेल तर टर्बोला मुंबईत हवा दुपटीने दाबावी लागते, पुण्यात २.१ पट आणि महाबळेश्वरला २.३ पट. छोटा टर्बो तिथे आपल्या मर्यादेला टेकतो, जास्त फिरतो आणि हवेला दाबण्यापेक्षा तापवतो जास्त. मुंबईत डायनोवर उत्तम निघालेली फाइल वर का अडखळते, त्याचे हे उत्तर. उंचीनुसार मागणी कमी करणारा तक्ता फाइलमध्ये आहे का, हे विचारावे. आणि बूस्ट गेजवरचा आकडा वातावरणाच्या वरचा आहे की एकूण, हे ठरवल्याशिवाय दोन नोंदींची तुलना करू नये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तेल लावायचा कापडी एअर फिल्टर असेल तर मॅफ सेन्सरच्या तारेवर तेल बसते. त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच धुवावे, कार्ब क्लीनर नको. थेट फवारणीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण तो धुवायला पेट्रोल तिथे पोहोचतच नाही. थंड इंजिन थरथरते आणि अर्ध्या थ्रॉटलवर अडखळते, तर कॅमेरा घालून पाहावे. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने तो निघतो, टाकीत ओतायच्या औषधाने नाही. पूर्वी बराच काळ मिसफायर होत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून तुंबलेला असू शकतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबमापक लावावा. २,५०० आरपीएमला ३ पीएसआयहून जास्त मागचा दाब असेल तर वाट बंद आहे.

क्लचचे वेगळे सांगतो, कारण त्याचा दोष नेहमी इंजिनावर येतो. १.२ इंजिनाच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० गिअरबॉक्स आहे, ज्याची क्षमता २५० न्यूटन-मीटर. इंजिनाचा मूळ टॉर्क १७५, म्हणून रिमॅपला थोडी जागा राहते. ऑक्टाव्हिया १.८ ला तोच गिअरबॉक्स आणि मूळ टॉर्कच २५० आहे. तिथे जागा शिल्लक नाही. गिअरबॉक्सने ईसीयूला टॉर्क कमी करायला सांगितले की थ्रॉटल मिटतो आणि गाडी दबते. एकाच गिअरमध्ये आरपीएमला वेगाने भागून पाहावे. हा आकडा धावेत बदलला तर क्लच घसरतो आहे.

इथवर काही सापडले नाही तर कॉम्प्रेशन घ्यावे, सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. आणि मग टर्बो. पुढचा पाइप काढून बोटाने शाफ्ट हलवावा: आडवी किंचित हालचाल चालते, लांबीच्या दिशेने हाताला जाणवेल इतकी नको. पंख्याची पाती बाहेरच्या भिंतीला घासल्याच्या खुणा, पात्यांची तुटलेली टोके, पाइपमध्ये साठलेले तेल, हे पुरावे दिसले तरच टर्बोचा निकाल द्यावा. वेस्टगेटच्या दांड्यातली खळखळ आणि ॲक्चुएटरचे सेटिंग त्याआधी तपासावे, ते पुष्कळदा टर्बो न बदलता दुरुस्त होते.

मालकांना आमची विनंती आहे की रिमॅप करतानाच तीन गोष्टी मागून घ्या: मूळ फाइलची प्रत, आधीची आणि नंतरची नोंद, आणि फाइल कोणत्या ऑक्टेनसाठी व किती उंचीसाठी आहे ते लेखी. नोंद द्यायला नकार देणाऱ्याकडे गाडी देऊ नये. वॉरंटी आणि विम्यावर काय परिणाम होतो ते कंपन्यांना आधीच विचारावे आणि मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ वाचावे. गॅरेजचालकांनाही विनंती आहे: बिलावर ‘टर्बो बदलला’ एवढेच न लिहिता मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, प्लगचे अंतर, गळतीच्या चाचणीचा दाब लिहा. ग्राहक वाद घालत नाही आणि गाडी परत आली तर तुमचेच काम निम्मे होते.

मूळ फाइल हाताशी असली की एक चाचणी करता येते. ती परत चढवून तीच धाव घ्यावी. दोष तसाच राहिला तर तो पार्टमध्ये आहे, यात शंका नाही. दोष गेला तर मात्र लगेच फाइलला दोषी धरू नये, कारण थकलेली कॉइल किंवा बारीक गळती मूळ बूस्टवर निभावून जाते. म्हणून दुरुस्ती झाली की त्याच गिअरमध्ये, त्याच पेट्रोलवर, शक्यतो त्याच तापमानाला पुन्हा नोंद घ्यावी. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या हिशेबात करत असलेली दुरुस्ती) नव्याने बसायला गाडी आधी काही दिवस शहरात आणि महामार्गावर नेहमीसारखी चालवावी. त्यानंतर आयडलवर आणि स्थिर वेगावर ट्रिम पाच टक्क्यांच्या आत आणि दोन्ही बूस्टच्या रेघा एकमेकींना चिकटून आल्या, तरच गाडीची चावी मालकाच्या हाती द्यावी.

आपले विश्वासू,
टर्बो-पेट्रोल इंजिनांचे निदान करणारे दोन तंत्रज्ञ,
चिंचवड, पुणे